बोरू, टाक आणि छापखाना : ढोकीच्या बाजूने मोडी वाचताना

"मोडी लिपी बंद का पडली?" असं वर्गात विचारलं, की एक उत्तर हमखास येतं : "सर, ती छापता येत नव्हती." मुलाखतीतही हेच उत्तर येतं, आणि समोरचे परीक्षक पुष्कळदा मान डोलावतात. उत्तर ऐकायला सोपं आहे आणि पटतंही. छापखाना आला, छापखान्याला सुटी अक्षरं लागतात, मोडी तर हात न उचलता लिहायची लिपी. मग ती गेली. संपला विषय.

पण विषय संपत नाही. हे उत्तर कागदपत्रांसमोर टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे शोधताना एक चांगला संशोधनप्रश्न हाती लागतो. आज आपण तोच प्रश्न धरून चालू. वाटेत थोडं चीनकडेही बघावं लागेल. हाताने लिहिलेलं अक्षर आणि पश्चिमेकडून आलेलं छापील, शालेय, सरकारी जग यांची टक्कर तिकडेही झाली, पण निकाल वेगळा लागला. दोन निकालांमधला फरक कळला, की आपल्या निकालाचं कारण दिसायला लागतं.

ढोकी यात कुठे येतं?

ढोकी म्हणजे धाराशिव तालुक्यातलं, तेरच्या शेजारचं, तेरणेच्या खोऱ्यातलं गाव. आज लोक ते तेरणा साखर कारखान्यामुळे ओळखतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र या गावाचं महत्त्व त्याच्या जागेमुळे आहे. ढोकी निजामाच्या राज्यात होतं. पश्चिमेला थोडं गेलं की बार्शी, आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. माणसं तीच, भाषा तीच, सोयरीक तीच, आठवडी बाजार एकमेकांत मिसळलेले. १९११ साली लातूरपर्यंत पोचलेली बार्शी लाइट रेल्वे याच पट्ट्यातून दोन राज्यांच्या मधली सरहद्द ओलांडत धावायची. दोन्हीकडे गावचा कुलकर्णी मोडी लिहायचा. वेगळं होतं ते सरकार.

इतिहासात प्रयोगशाळा नसते असं म्हणतात. पण अशी सरहद्द मिळाली, तर ती प्रयोगशाळेच्या बरीच जवळ जाते. बाकी सगळं सारखं, एकच गोष्ट वेगळी. म्हणून मोडीचा प्रश्न पुण्याच्या बाजूने विचारण्यापेक्षा ढोकीच्या बाजूने विचारला, तर जास्त काही हाती लागतं.

पोथीचं अक्षर आणि दप्तराचं अक्षर

सुरुवात छापखान्याच्या आधीपासून करू. मराठी लिहिणाऱ्या माणसाकडे तेव्हा दोन लिप्या होत्या. पोथी लिहायची ती बालबोधात, म्हणजे देवनागरीत. हिशेब, पत्र, वतनाचा कागद, महजर लिहायचा तो मोडीत. एकच माणूस सकाळी पोथीची नक्कल बालबोधात करायचा आणि दुपारी वसुलाचा ताळेबंद मोडीत मांडायचा. यात त्याला काही विचित्र वाटत नसे.

बालबोध कसं लिहावं याचं शास्त्र आपल्याकडे लिहिलेलं आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. अक्षराचा आकार, ओळींचा सारखेपणा, शाई, समास सोडणं, लेखणी करणं, पानं जपणं, सगळं त्यात येतं. सुलेखनाचा विचार मराठीत बाहेरून आला असं कुणी म्हटलं, तर त्याला हा समास दाखवावा.

मोडीची गोष्ट वेगळी. परंपरा तिचं श्रेय तेराव्या शतकातल्या यादवांच्या हेमाद्री पंडिताला, म्हणजे हेमाडपंताला देते. वेग हा मोडीचा प्राण. कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघेखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लटकवत जायचा. शब्दांत मोकळी जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घ नाही. 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच दिसणार, 'सुत' आणि 'सूत' एकसारखेच. कुठला अर्थ घ्यायचा ते वाचणाऱ्याला संदर्भावरून कळायचं, कारण वाचणाराही त्याच कामातला असायचा.

पण वेग म्हणजे गबाळेपणा नव्हे. चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी मोडीची वळणं नावानिशी ओळखली जात. मुलगा वळणदार अक्षराचा कित्ता वर्षानुवर्षं गिरवायचा. 'कित्ता गिरवणे' हा वाक्प्रचार आज आपण कुणाचं अनुकरण करण्याला वापरतो. मुळात ते हाताचं शिक्षण होतं. बोरूच्या टोकाला तिरका काप द्यायचा, काजळाची शाई घोटायची, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात तयार झालेल्या हातकागदावर लिहायचं, ओल्या शाईवर वाळू टाकायची. या सगळ्याची मिळून एक साक्षरता होती. आता छापखाना येतो.

खरंच छापता येत नव्हती?

तीन गोष्टी समोर ठेवतो.

पहिली. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या मिशनरी छापखान्यात विल्यम केरीने मराठीचं काम सुरू केलं. त्याचं १८०५ चं मराठी व्याकरण देवनागरीत छापलं गेलं. पण १८१० साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांनी छापलेले आहेत. म्हणजे मराठी छपाईच्या अगदी सुरुवातीलाच मोडीचे धातूचे खिळे पाडून झाले होते. 'छापता येत नव्हती' हे उत्तर इथेच लंगडं होतं.

दुसरी. १८२० च्या दशकात मुंबईत शिळाछाप आला. शिळाछापाला खिळे लागतच नाहीत. हाताने लिहिलेलं जसंच्या तसं दगडावर उतरवायचं आणि छापायचं. कुठलंही वळण, कुठलीही लिपी चालते. मोडीतली वाचनपुस्तकं आणि सरकारी कागद या पद्धतीने निघाले आहेत.

तिसरी गोष्ट ढोकीकरांना जवळची. निजामाच्या राज्यात १८८४ साली फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. उर्दूचं नस्तालीक वळण खिळ्यांत बसवायला मोडीइतकंच, किंबहुना जास्त अवघड. अक्षरं तिरकी उतरत येतात, एकमेकांच्या अंगावर चढतात. तरी उर्दूने आपलं वळण सोडलं नाही. कातिब हाताने लिहायचा आणि ते शिळाछापावर चढायचं. १९८१ मध्ये 'नूरी नस्तालीक' हा संगणकी अक्षरसंच आला, तोपर्यंत उर्दूची वर्तमानपत्रंसुद्धा प्रामुख्याने कातिबांच्या हातावर निघत होती. यंत्राला जमत नाही म्हणून उर्दूने लिपी बदलली नाही, उलट आपल्या हाताला जमेल असं यंत्र निवडलं.

मग मोडीच्या बाबतीत असं का झालं नाही? तंत्र अडलं नव्हतं, हे नक्की. निवड झाली होती. निवड म्हटली, की विचारायचं : कुणी केली, कधी केली, आणि त्यात कुणाची सोय होती?

निवड कशी झाली

मराठीकडे आधीच दोन लिप्या असल्यामुळे छापखान्यापुढे पर्याय होता. उर्दूपुढे तसा तयार पर्याय नव्हता. बालबोधाची अक्षरं सुटी, डोक्यावर रेघ असली तरी एकेक वेगळं पाडता येणारी. शिवाय तीच अक्षरं संस्कृतला चालत, हिंदीला चालत. एकदा खिळे पाडले की तीन भाषांचा धंदा. मिशनऱ्यांना, कोशकारांना, नव्याने मराठी शिकणाऱ्या साहेबांना बालबोध सोपं पडायचं, कारण लिहिलंय तेवढंच वाचायचं. संदर्भातून अर्थ लावायची गरज नाही.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. छापील कोश आणि शाळेचं पुस्तक आलं, की प्रत्येक शब्दाचं एकच एक रूप ठरवावं लागतं. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला तो देवनागरीत. पुढच्या वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' सुरू झालं, तेही देवनागरीत, शेजारी इंग्रजी मजकूर घेऊन. 'शुद्धलेखन' नावाची गोष्ट या छापील जगातून घट्ट होत गेली. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेदच नव्हता, त्यामुळे या नव्या अर्थाने तिच्यात 'शुद्ध' लिहिताच येत नव्हतं. शतकानुशतकं जी काटकसर होती, ती नव्या मोजपट्टीवर उणीव ठरली.

पुढे मुंबईतल्या अमेरिकन मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे लहान आणि सुबक केले. जावजी दादाजींचा निर्णयसागर १८६९ मध्ये उभा राहिला आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने देवनागरीला जो घाट दिला, तो आजही आपल्या डोळ्यात बसलेला आहे. छापील मराठी अक्षर 'सुंदर' म्हणजे कसं, याची कल्पना निर्णयसागरने ठरवली. मोडीच्या वाट्याला असा निर्णयसागर आला नाही.

पण मोडी मेली नव्हती, हे लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकभर मराठी माणूस बालबोध छापील वाचायचा आणि मोडी हाताने लिहायचा. विसाव्या शतकातही कित्येक वर्षं शाळेत दोन्ही शिकवल्या जात. छापखान्याने मोडीला मारलं नाही, तिला फक्त हाताच्या कामापुरतं ठेवलं. खरा धक्का नंतर आला.

टाक आला आणि वळण बदललं

धक्क्याआधी आणखी एक बदल झाला, तो लेखणीचा. बोरूच्या जागी पोलादी निबेचा टाक आला, हातकागदाच्या जागी विलायती यंत्रकागद आला. बोरूचा तिरका काप रेघेला आपोआप जाड-बारीक करतो. टाकाची टोकदार निब सगळीकडे बारीकच चालते. त्यामुळे इंग्रजी अमदानीतली मोडी बघितली की ती आखडलेली, तिरकी, बारीक आणि घाईची दिसते. पेशवाईतल्या कागदाशेजारी ठेवली, तर लिपी एकच आहे यावर पटकन विश्वास बसत नाही.

नव्या संशोधकासाठी ही गोष्ट फार उपयोगाची आहे. तारीख नसलेला मोडी कागद हातात आला, तर मजकुराकडे जाण्याआधी त्याच्या अंगाकडे बघा. रेघ जाड-बारीक आहे की एकसारखी? कागद हातचा आहे की यंत्राचा? प्रकाशात धरला तर जलचिन्ह दिसतं का? विलायती कागदाच्या जलचिन्हात कधीकधी सालही असतं. अक्षर कुठल्या वळणाचं आहे? या चार प्रश्नांवर कागदाचा काळ बराचसा जवळ आणता येतो. आणि हे सगळं छापील साधनग्रंथांत नाहीसं होतं. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडलेले कागद पंचेचाळीस भागांत छापले. या लोकांचे उपकार मोजता येणार नाहीत. पण ते छापील बालबोध आहे. लिप्यंतरात शब्द येतो, हात येत नाही. खाडाखोड, दुसऱ्याच्या हातची भर, समासातला शेरा, शाईचा फरक यासाठी मूळ कागदाकडेच जावं लागतं.

१९१७ : सरहद्दीच्या दोन बाजू

२५ जुलै १९१७ रोजी मुंबई सरकारने ठरवलं, की कारभारात मोडीऐवजी बालबोध वापरायचं. कारण दिलं ते सोयीचं आणि इलाख्यातल्या एकसारखेपणाचं. मोडी त्या दिवशी बंद झाली नाही. शाळेत ती पुढेही शिकवली जात राहिली आणि जुन्या पिढीच्या हिशेबाच्या वह्या १९४० च्या दशकापर्यंत मोडीत होत्या. पण सरकारी नोकरीसाठी मोडी लागणार नाही हे एकदा ठरलं, की मुलाने ती वर्षानुवर्षं का गिरवायची? जी लिपी पोटाला लागत नाही, तिच्यासाठी कित्ता कोण घेणार?

हा निर्णय बार्शीला लागू होता. ढोकीला नव्हता.

ढोकीत त्याच काळात वेगळं चित्र. वरच्या कचेरीची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादला उर्दू माध्यमाचं उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, त्यामुळे पुढे शिकायचं तर उर्दूच. गावपातळीवर पटवाऱ्याचं दप्तर मात्र मराठीत, आणि मराठी म्हणजे मोडी. या भागाला मध्ये इंग्रजी कारभाराचाही अनुभव होता : १८५३ च्या तहाने नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे गेला, तिथे मेडोज टेलर हा कादंबरीकार अधिकारी होता, आणि १८६० मध्ये मुलूख परत निजामाकडे आला. म्हणजे एकाच गावाच्या कागदांत मोडी, फारसी, उर्दू आणि इंग्रजी अशा चार लिखावटींचे थर मिळण्याची शक्यता आहे.

सरहद्दीच्या एका बाजूला मोडीला बालबोधाने बाजूला सारलं, म्हणजे एका मराठी लिपीने दुसऱ्या मराठी लिपीला. दुसऱ्या बाजूला मोडीच्या डोक्यावर उर्दू होती, म्हणून मोडीला आपल्याच बहिणीशी स्पर्धा करावी लागली नाही. १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचं राज्य गेलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. ढोकीची सरकारी लिखावट देवनागरीत आली ती या उलथापालथीतून, आणि आली तेव्हा उर्दू व मोडी दोन्ही एकदमच मागे पडल्या. या भागात अशी घरं भेटू शकतात जिथे पणजोबा मोडी लिहायचे, आजोबा उर्दू शिकलेले आणि वडील देवनागरीत. तीन पिढ्या, तीन लिप्या. पणजोबांची सही नातवाला वाचता येत नाही, आणि आजोबांची शाळेची वही नातवाला फक्त नक्षीसारखी दिसते.

चीनमध्ये असं का झालं नाही?

आता चीन. तिथे कुंचल्याने लिहिणं हे फक्त लिहिणं नव्हतं. राजसेवेची परीक्षा द्यायची तर अक्षर चांगलं लागायचं. अक्षरावरून माणसाची पारख व्हायची. १९०५ साली ती परीक्षापद्धती बंद झाली. मोडीच्या १९१७ सारखाच हा क्षण : कुंचल्याचा पोटापाण्याशी असलेला संबंध तुटला. पाठोपाठ फाउंटन पेन आणि पेन्सिल आली. १९१८-१९ च्या सुमारास नव्या विचारांच्या लेखकांनी तर चिनी अक्षरंच काढून टाका असं म्हणायला सुरुवात केली. छ्यान श्वानथुंग हे भाषाशास्त्रज्ञ त्यात पुढे होते. गंमत म्हणजे ते स्वतः उत्तम कुंचला चालवत. बोलीभाषेत नवी कविता लिहिणारे शेन यिनमो पुढे त्या शतकातले मोठे सुलेखनकार म्हणून ओळखले गेले. डोकं नव्याकडे, हात जुन्याकडे.

१९३० च्या दशकात यू योउरन यांनी भरभर लिहायच्या 'तृणलिपी'ला एक प्रमाण रूप द्यायचा प्रयत्न केला. सगळ्यांना वाचता यावी, लिहायला वेळ वाचावा हा हेतू. मोडीच्या बाबतीत असा प्रयत्न कुणी केला असता तर, असा विचार मनात येतोच. १९५६ मध्ये सरकारने सोपी केलेली अक्षरं आणली, १९५८ मध्ये रोमन लिपीतली पिनयिन पद्धत आली. इतकं होऊनही सुलेखन टिकलं, आणि २००९ मध्ये ते युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं.

का टिकलं? 'चिनी लोकांना आपल्या परंपरेचा अभिमान असतो' हे उत्तर देऊ नका. अभिमान आपल्याकडेही कमी नाही. मला दोन कारणं महत्त्वाची वाटतात.

एक, चीनमध्ये छापलेलं अक्षर आणि कुंचल्याचं अक्षर मुळात एकच होतं, फक्त वळण वेगळं. शाळेत छापील अक्षर शिकलेल्या मुलाला कुंचल्याच्या ठाशीव लिखावटीत तेच शब्द ओळखता येतात. तृणलिपी वाचणं आजच्या चिनी तरुणालाही जड जातं, पण मधल्या पायऱ्या शाबूत आहेत. शिवाय शिळाछाप आणि नंतर फोटोवरून छपाई आल्यावर थोरांच्या हस्ताक्षराचे नमुने स्वस्तात घरोघरी गेले. तिथे पश्चिमेचं यंत्र कित्ता वाटणारं झालं. आपल्याकडे छापलेली लिपी एक, हाताची लिपी दुसरी. यंत्राने एकीचाच प्रसार केला. शाळेने दुसरी सोडली, तशी मधली पायरीच उरली नाही.

दोन, प्रतिष्ठा. चीनमध्ये सगळ्यात वेगाने लिहिलेलं अक्षर हे सौंदर्याच्या शिखरावर मानलं गेलं. आपल्याकडे सौंदर्य पोथीच्या अक्षराला आणि वेग कारकुनाला. मोडी ही कामाची गोष्ट. काम गेलं, की तिला धरून ठेवायला दुसरं नातं नव्हतं.

'ही कला आहे का?'

हा प्रश्न मुळात पश्चिमेकडून आलेल्या 'ललित कला' या खान्यामुळे पडला. जपानमध्ये १८८२ साली चित्रकार कोयामा शोतारो यांनी सुलेखन ही ललित कला नव्हे असं लिहिलं आणि ओकाकुरा काकुझो यांनी त्याचा प्रतिवाद केला. म्हणजे तिथे निदान वाद तरी झाला. आपल्याकडे मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय १८५७ पासून आहे, पण मोडीच्या वळणाला तिथे रेखाटन-चित्रकलेच्या पंक्तीला कुणी बसवलं नाही. अक्षर तिथे मानाने शिरलं ते पुढे, जाहिरातीच्या, म्हणजे उपयोजित कलेच्या दारातून.

आणि त्याच दारातून मोडी परत आली. जाहिरातक्षेत्रातले आणि पुढे पवईच्या आयआयटीत शिकवणारे र. कृ. जोशी यांनी भारतीय लिप्यांचा अक्षरविचार मांडला. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी अक्षरसंच त्यांच्याच हातचा. अच्युत पालव यांनी जे. जे. नंतर मोडीवर संशोधन केलं आणि मोडीचं वळण देवनागरीत मिसळून 'मुक्तलिपी' घडवली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्येही आली. म्हणजे केरीच्या खिळ्यांनंतर दोनशे वर्षांनी मोडी पुन्हा यंत्रात बसली.

छान झालं. पण एक फरक विसरू नये. भिंतीवर टांगलेली मोडी बघायची असते. दप्तरातली मोडी वाचायची असते. पहिली परत आल्याने दुसरी आपोआप परत येत नाही.

वाचणारे कमी पडले तेव्हा

ती परत न आल्याने काय होतं, हे मराठवाड्याने अलीकडेच पाहिलं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदांचा शोध सुरू झाला. खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे असं सगळं बाहेर निघालं. त्यातले कितीतरी कागद मोडीत आणि उर्दूत. तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणारी माणसं हवी झाली.

आरक्षणाच्या वादात कुणाचं बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. संशोधक म्हणून पाहण्यासारखी गोष्ट ही : लाखो माणसांच्या आयुष्यावर परिणाम करणारा पुरावा सरकारी रुमालात बांधलेला होता, पण त्याच्या मालकांना तो वाचता येत नव्हता. आपल्या आजा-पणज्याने काय लिहून ठेवलं, हे कळायला त्यांना तिसऱ्या माणसाच्या वाचनावर भरवसा ठेवावा लागला. आणि तो तिसरा माणूस एखादं अक्षर कसं लावतो, यावर नोंद 'आहे' की 'नाही' हे ठरतं. ह्रस्व-दीर्घ नसलेली, शब्द न तोडलेली लिपी. टाकाने घाईत लिहिलेली. वाचनात मतभेद होणारच. शंभर वर्षांपूर्वी त्या कागदाचं वाचन गावातल्या चार माणसांना तपासता यायचं. आज ते तपासणार कोण?

१९१७ च्या निर्णयाची किंमत मी अशी मोजतो. 'एक सुंदर लिपी गेली' हा हळहळीचा भाग झाला. लोकांचा त्यांच्याच पुराव्यावरचा ताबा गेला, हा इतिहासाचा भाग आहे.

तुमच्या प्रस्तावासाठी

या विषयावर काम करायचं असेल, तर 'मोडी लिपीचा उगम आणि विकास' असं शीर्षक घेऊ नका. त्यावर लिहिलेलं भरपूर आहे आणि त्यात प्रश्न नाही. त्याऐवजी हे बघा :

१. सरहद्दीवरची तुलना. बार्शीच्या आणि ढोकीच्या बाजूची दोन-तीन गावं घ्या. १९०० ते १९६० या काळात कुठल्या कामाच्या नोंदी कुठल्या लिपीत आहेत आणि केव्हा बदलतात, याचा तक्ता करा. एवढ्यावरही एक चांगला प्रबंधिका-पातळीचा निष्कर्ष निघू शकतो.

२. सरकारी आणि खाजगी असा भेद. कचेरीची लिपी बदलली तेव्हा आडत्यांची रोजकीर्द आणि खतावणी बदलली का? वतनदारांची घरगुती पत्रं?

३. हाताचा इतिहास. एकाच पटवारी घराण्याचे दोन-तीन पिढ्यांचे कागद मिळाले, तर बोरूपासून टाकापर्यंत वळण कसं सरकलं ते दाखवता येईल.

साधनांसाठी पुराभिलेख संचालनालयाच्या कचेऱ्या, पुण्याचं पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच. पण मराठवाड्याचं काम असेल तर हैदराबादच्या तेलंगण राज्य पुराभिलेखागाराला पर्याय नाही. आणि तहसीलचा अभिलेख कक्ष. तिथे अर्ज, परवानगी, वाट बघणं हे सगळं धरूनच वेळापत्रक आखा.

मोडीची मुळाक्षरं महिन्याभरात येतात. कागद वाचता यायला वर्ष लागतं, आणि दुसऱ्याचं वाचन तपासता यायला त्याहून जास्त. मराठवाड्याच्या गावांवर काम करणार असाल तर थोडी उर्दूही शिका. मार्गदर्शक 'लिप्यंतर विकत मिळतं' म्हणाले, तरी शिका. विकत घेतलेल्या वाचनावर उभा राहिलेला निष्कर्ष तुमचा असत नाही, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाने मूळ कागदाची छायाप्रत पुढे सरकवली, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.